जॉर्जियन भाषेतील ग्रीक तत्त्वसंज्ञा : एक टिपण

परभाषेचा प्रभाव मोजावयाचा झाला म्हणजे अभ्यासक प्रथम ऋणशब्दांची यादी करू लागतात. जॉर्जियन भाषेतील तात्त्विक परिभाषेपुरती तरी ही पद्धत फसवी आहे. ग्रीक विचार या भाषेत खोलवर उतरला. परंतु तो बहुतांशी ग्रीक शब्दांच्या रूपाने उतरला नाही.

जॉर्जियन ही कार्टवेली कुलातील भाषा. ग्रीक भाषेशी तिचे कौलिक नाते नाही. ख्रिस्ती धर्माबरोबर ‘एपिस्कोपोसी’ (धर्माध्यक्ष) यासारखे शब्द तिच्यात आले. ‘फिलोसोफोसी’ हा शब्द त्याच घडणीचा आहे. यांतील ‘ओस्’ हा मूळचा ग्रीक पुल्लिंगी प्रथमेचा प्रत्यय. जॉर्जियनने तो प्रकृतीचाच भाग मानला आणि त्यापुढे आपल्या प्रथमेचा ‘इ’ लावला. षष्ठीतही ‘फिलोसोफोसिस’ असे रूप होऊन ‘ओस्’ कायम राहतो. मराठीने ‘आत्मन्’ ऐवजी ‘आत्मा’ हे प्रथमेचेच रूप स्वीकारले व त्यावरून ‘आत्म्याला’ अशी रूपे चालविली, हे येथे आठवावे. मात्र ‘ओस्’ दिसला की शब्द प्राचीन, असे समजणे धोक्याचे आहे. आधुनिक जॉर्जियनमध्ये रसायनशास्त्रज्ञाला ‘किमिकोसी’ व भौतिकशास्त्रज्ञाला ‘फिजिकोसी’ म्हणतात. एक मृत विभक्तिप्रत्यय असा शब्द घडविणारा साचा होऊन बसला! ‘कटेगोरिया’सारखे शब्द आज रूढ आहेत, पण आधुनिक शास्त्रीय शब्दसंग्रहाचा मोठा भाग रशियनच्या द्वारा आलेला असल्याने अशा शब्दांवरून मध्ययुगाविषयी अनुमान काढता येत नाही.

खरा प्रश्न अनुवादकांपुढे उभा राहिला तो अकराव्या-बाराव्या शतकांत. अँटिओकजवळील कृष्णपर्वतावर एफ्रेम म्त्सिरे याने डायोनिशियसच्या नावावरील ग्रंथ व दमास्कसच्या योहानाचे लेखन जॉर्जियनमध्ये आणले. त्यानंतरचा योआने पेत्रित्सी हा अधिक धाडसी. गेलाती येथील विद्यापीठाशी (मठाची स्थापना ११०६) परंपरेने त्याचे नाव जोडले जाते. पाचव्या शतकातील प्रोक्लस याचा २११ सिद्धांतांचा ईश्वरविद्याविषयक ग्रंथ त्याने भाष्यासह अनुवादिला. त्याची शैली दुर्बोध आहे. पण ती दुर्बोधता आळसाची नव्हे, शोधाची आहे, असे मला वाटते.

‘सत्ता’ या अर्थाच्या ‘उसिया’ या ग्रीक संज्ञेचे मूळ ‘असणे’ या धातूत आहे. जॉर्जियन परिभाषेने तीच वाट धरून ‘अर्स’ (आहे) यापासून ‘अर्सेबा’ ही संज्ञा योजिली. संस्कृतातील ‘अस्’पासून सत् व सत्ता साधणाऱ्या आपल्या परंपरेस ही शब्दसिद्धी परकी वाटू नये. ईश्वरविद्येची संज्ञाही देव आणि बोलणे या दोन देशी पदांनी साधली आहे. अशा संज्ञांत ग्रीकचा ध्वनी नाही. रचना मात्र ग्रीकची आहे, आणि म्हणून यादी करणाऱ्याच्या नजरेतून त्या निसटतात.

सर्वांत बोलके उदाहरण प्रोक्लसच्या ग्रंथनामातच आहे. तेथील ‘मूलतत्त्व’ या अर्थाच्या ‘स्टोइखेयोन’ या संज्ञेसाठी पेत्रित्सीने ‘कव्शिरी’ हा शब्द घेतला. त्याचा साधा अर्थ बंध, जोड. मूलतत्त्व म्हणजे सुटा कण नव्हे, तर पुढील सिद्धांतास मागच्याशी सांधणारा दुवा, असा अर्थ या निवडीतून सूचित होतो. मूळ संज्ञा तशीच उचलली असती तर हे भाष्य हरपले असते. हाच ‘कव्शिरी’ पुढे राजकारणातही शिरला : १९२२ ते १९९१ या काळातील सोव्हिएत संघाचे जॉर्जियन नाव ‘सब्चोता कव्शिरी’ असे होते.