राजमुद्रेचा हुकूम
(सुरतेच्या मराठी मंडळीतील रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी)

उतारा : एस्तेर ३ : ८–१५

हा पाठ शिकवताना आपण हामानाच्या दुष्टपणावर भर देतो आणि घाईने त्याच्या फाशीच्या खांबाकडे वळतो. या खेपेस बाराव्या वचनाशी थोडे थांबावे. चिटणिसांना बोलावणे गेले, प्रत्येक प्रांताच्या लिपीत हुकूम लिहिला गेला आणि त्यावर राजाच्या अंगठीचा शिक्का बसला. यहूद्यांचा नाश आधी कागदावर ठरला. तलवार मागाहून निघायची होती.

जर्मनीतही तसेच झाले. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला तो अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या नेमणुकीने. २७ फेब्रुवारीस संसदभवनाला आग लागली, दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला, आणि भाषण, सभा व वृत्तपत्रे यांचे स्वातंत्र्य गेले. २३ मार्चला संसदेनेच ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हवाली केला. (साम्यवादी सभासद तेव्हा तुरुंगात तरी होते किंवा परागंदा तरी, हे आकडा वाचताना विसरू नये.) ७ एप्रिलच्या कायद्याने यहूदी सरकारी नोकरीतून निघाले, १९३५ साली न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी त्यांचे नागरिकत्व हिरावले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सभास्थाने जळाली, तोवर शिक्क्यामागून शिक्के पडतच होते.

मग मंडळी काय करीत होती? सप्टेंबर १९३३ मध्ये प्रशियाच्या प्रॉटेस्टंट सिनडने वंशाचा तोच नियम पाळकांना लावला. बाप्तिस्मा घेतलेला, आपल्याच वेदीपाशी सेवा करणारा बंधू त्याच्या आजीआजोबांमुळे परका ठरला! मार्टिन नीमोलर, डीट्रिख बॉनहोफर आदी पाळक विरोधास उभे राहिले, आणि मे १९३४ मध्ये बार्मेनचा जाहीरनामा निघाला. तो धाडसाचाच होता. तरी त्यात छळ सोसणाऱ्या यहूद्यांविषयी एक शब्दही नाही. मंडळी आपल्या कारभारासाठी बोलली, शेजाऱ्यासाठी बोलली नाही. हे मोठ्या मुलांना आडपडदा न ठेवता सांगावे, असे मला वाटते. बॉनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी झाली.

ही दूरदेशची गोष्ट म्हणून कोणी सोडून देईल. पण त्या छळातून निसटलेले काही यहूदी मुंबईस आले होते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने जर्मन पुरुषांना सरसकट धरले, आणि हिटलरपासून पळालेल्यांना हिटलरच्या अनुयायांबरोबर अहमदनगरच्या छावणीत कोंडले. चौकशीअंती पुष्कळ सुटले. काहींनी पुढे पुरंदरावर नजरकैदेत दिवस काढले. तो हुकूमही कायदेशीरच होता. लिहिणारा कारकून हामान नव्हता; त्याने पारपत्रापलीकडे पाहिले नाही, एवढेच.

आपल्या सुरतेला यहूदी नवखे नव्हते. अलेप्पोचे व्यापारी शालोम कोहेन अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे राहत होते; १७९८ साली ते कलकत्त्यास गेले. आज आपलीच कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी येथे आलेली आहेत, तेव्हा 'परका' या शब्दाचा अर्थ वर्गात फार फोडून सांगावा लागणार नाही.

शेवटी पंधरावे वचन पुन्हा वाचून घ्यावे. राजा व हामान पीत बसले आहेत, आणि शूशन नगर गोंधळून गेले आहे. त्या नगरात राहणाऱ्या, पण यहूदी नसलेल्या माणसाने त्या संध्याकाळी काय करावयास हवे होते? हा प्रश्न घालावा, आणि मुलांना बोलू द्यावे.