सुरतेचे जेट रंगयंत्र : उभारणी, चालन व दक्षता

खानदेश आणि सुरत यांचा संबंध जुना आहे. खानदेशातून वाहणारी तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते आणि भुसावळ, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार असा येणारा लोहमार्ग सुरतेलगतच्या उधना स्थानकात मुंबई-अहमदाबाद मार्गास मिळतो. या मार्गाने कामधंद्यासाठी गेलेली असंख्य मराठी व अहिराणीभाषक कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थायिक झाली आहेत. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. या कुटुंबांतील अनेकांचा चरितार्थ कृत्रिम धाग्याच्या कापडावर, म्हणजेच यंत्रमागांवर आणि रंगकामाच्या गिरण्यांवर अवलंबून आहे.

गावाहून नव्याने आलेला तरुण रंगखात्यात बहुधा हेल्पर म्हणून लागतो. कापडाच्या गाड्या ढकलणे, रसायनांच्या बादल्या वाहणे ही त्याची कामे. त्याच यंत्रापाशी उभा असलेला ऑपरेटर मात्र तापमान, वेळ आणि दाब यांचे नियंत्रण करतो व अधिक वेतन मिळवितो. दोघांमधील हे अंतर अंगबळाचे नसून ज्ञानाचे आहे. हे ज्ञान शालेय विज्ञान व अंकगणित यांच्या पलीकडचे नाही. यास्तव ग्रामस्थ, शिक्षक व संबंधित अधिकारी यांच्या माहितीसाठी जेट रंगयंत्राचे तत्त्व व कार्यपद्धती येथे दिली आहे.

उच्च तापमानाची आवश्यकता

सुरतेत रंगविले जाणारे बहुतांश कापड पॉलिएस्टरचे असते. या धाग्याचा शोध इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन या संशोधकांनी १९४१ मध्ये लावला. सुती धागा पाणी शोषून घेतो, त्यामुळे पाण्यात विरघळलेला रंग त्याच्या अंतर्भागात सहज जातो. पॉलिएस्टरची घडण मात्र अत्यंत घट्ट असल्याने तो पाणी जवळजवळ शोषीतच नाही. त्याच्यासाठी डिस्पर्स जातीचे रंग वापरतात. हे रंग पाण्यात फारच थोडे विरघळतात व सूक्ष्म कणांच्या रूपाने पसरलेले राहतात.

पाणी उकळत्या बिंदूपर्यंत, म्हणजे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले तरी धाग्याची घडण पुरेशी सैल होत नाही. सुमारे १३० अंशांना ती सैल होते, रंगाचे रेणू आत शिरतात आणि कापड थंड झाल्यावर तेथेच अडकून राहतात. उघड्या भांड्यातील पाणी १३० अंशांपर्यंत तापू शकत नाही, म्हणून भांडे बंद करून दाब निर्माण होऊ द्यावा लागतो. घरातील प्रेशर कुकरमागेही हेच तत्त्व आहे.

यंत्राची रचना

जेट यंत्राचा मुख्य भाग म्हणजे गंज न चढणाऱ्या पोलादाचे एक मोठे बंद भांडे. कापडाची दोन्ही टोके शिवून त्याचा अखंड दोर केलेला असतो. पंप भांड्यातील रंगद्रावण ओढून हीट एक्सचेंजरमधून नेतो व नोझलमधून जोराने सोडतो. द्रावणाच्या या झोतामुळे कापडाचा दोर पुढे सरकतो आणि भांड्यात सतत फिरत राहतो. हीट एक्सचेंजरमध्ये वाफ सोडली की द्रावण तापते आणि थंड पाणी सोडले की ते निवते. तापमापक, दाबमापक, सुरक्षा झडप व दाब असताना झाकण उघडू न देणारी कडी हे या यंत्राचे चार पहारेकरी होत.

उभारणी

यंत्र बसविण्यापूर्वी सिमेंट-काँक्रीटचा पाया पाणसळीने तपासून घ्यावा. पाणी भरल्यावर यंत्राचे वजन कित्येक टनांनी वाढते. त्यामुळे पाया एका बाजूस खचल्यास नळांच्या जोडांवर ताण येऊन गळती सुरू होते. वाफेच्या नळास योग्य उतार देऊन साचलेले पाणी बाहेर टाकणारा स्टीम ट्रॅप बसवावा व नळावर उष्णतारोधक वेष्टन करावे. मोटार व नियंत्रणपेटी यांचे अर्थिंग स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. सुरक्षा झडपेतून सुटणारी वाफ कामगारांच्या अंगावर न येता सुरक्षित जागी जाईल अशी नळी जोडावी.

पाण्याची परीक्षा यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे रंगाचे कण एकत्र येऊन कापडावर ठिपके पडतात आणि हीट एक्सचेंजरमध्ये थर साचतो. म्हणून पाणी मऊ करणारे सॉफ्टनर संयंत्र जोडणे आवश्यक ठरते.

जोडणी पूर्ण झाल्यावर प्रथम पाण्याच्या दाबाने गळतीची चाचणी घ्यावी. नंतर कॉस्टिक सोडा व साबण घालून तापविलेल्या पाण्याने यंत्र आतून धुवावे, म्हणजे कारखान्यातून आलेले तेल व कीट निघून जाते. त्यानंतर रंग न घालता केवळ पांढरे कापड फिरवून पाहावे. ते अडकत नाही, फाटत नाही व डागाळत नाही अशी खात्री झाल्यावरच रंगाचा पहिला घाण घ्यावा.

एका घाणाचा हिशेब

उदाहरणादाखल २०० किलो कापड घेऊ. कापडाच्या १ किलोस ८ लिटर पाणी या प्रमाणात १,६०० लिटर पाणी लागेल. रंगाचे प्रमाण कापडाच्या वजनाच्या २ टक्के असल्यास ४ किलो रंग घ्यावा. रंगाचे कण विखुरलेले राहावेत म्हणून लिटरमागे १ ग्रॅम प्रमाणे १.६ किलो डिस्पर्सिंग द्रव्य घालावे. द्रावणाचा सामू ॲसिटिक आम्लाने ४.५ ते ५ च्या दरम्यान आणावा. मातीचा सामू पाहण्याची सवय असलेल्या शेतकऱ्यास ही गोष्ट नवीन नाही. रंगाची भुकटी थेट यंत्रात न टाकता वेगळ्या टाकीत कोमट पाण्यात कालवावी व गाळूनच आत सोडावी.

तापमान ६० अंशांपासून ८० अंशांपर्यंत मिनिटास २ अंश या गतीने वाढविल्यास १० मिनिटे लागतात. ८० ते १३० अंशांपर्यंत मिनिटास १ अंश या गतीने ५० मिनिटे लागतात. १३० अंशांवर ४० मिनिटे ठेवून पुन्हा ८० अंशांपर्यंत मिनिटास १ अंश या गतीने निवविण्यास आणखी ५० मिनिटे जातात. एकूण वेळ १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास होतो.

गडद रंग असल्यास पृष्ठभागावर राहिलेला मोकळा रंग काढावा लागतो. त्यासाठी नवीन पाण्यात लिटरमागे २ ग्रॅम कॉस्टिक सोडा व २ ग्रॅम हायड्रोस घालून ७० ते ८० अंशांवर सुमारे २० मिनिटे कापड फिरवितात. १,६०० लिटर पाण्यास प्रत्येकी ३.२ किलो द्रव्य पुरते. हे द्रावण काढून कापड धुवावे आणि मगच नवीन पाण्यात सौम्य ॲसिटिक आम्लाने उरलेला अल्क नाहीसा करावा. ही क्रिया टाळल्यास कापड धुताना व घासताना रंग सोडते.

घाईचे गणित

पाळीत एखादा घाण अधिक निघावा म्हणून वाफेची झडप पूर्ण उघडण्याचा मोह अनेकदा होतो. समजा, कापडाचा दोर ५०० मीटर लांबीचा आहे व तो मिनिटास २५० मीटर वेगाने फिरतो. म्हणजे त्याची एक फेरी २ मिनिटांत पूर्ण होते. तापमान मिनिटास १ अंशाने वाढत असल्यास एका फेरीत द्रावण केवळ २ अंशांनी तापते आणि दोराच्या सर्व भागांना जवळजवळ समान तापमान लाभते. तेच मिनिटास ४ अंशांनी वाढविल्यास एका फेरीत ८ अंशांचा फरक पडतो. नोझलमधून आधी गेलेला भाग व नंतर गेलेला भाग यांना वेगळ्या तापमानाचे द्रावण मिळते आणि कापडावर पट्टे उमटतात.

या घाईने ८० ते १३० अंशांच्या टप्प्यात ५० मिनिटांऐवजी साडेबारा मिनिटे लागतात, म्हणजे साडेसदतीस मिनिटे वाचतात. परंतु बिघडलेला घाण दुरुस्त करण्यासाठी पुन्हा अडीच तास आणि तितकेच पाणी, वाफ व रसायने खर्ची पडतात. निवविताना घाई केल्यास कापडावर कायमच्या सुरकुत्या पडतात, त्या कोणत्याही दुरुस्तीने जात नाहीत.

दक्षता

घाईची खरी किंमत झाकणापाशी कळते. १३० अंशांना भांड्यातील वाफेचा दाब बाहेरील हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ किलोने अधिक असतो. झाकणाचा व्यास ४५ सेंटिमीटर असल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे त्या एका झाकणावर २,७०० किलोंचा भार बाहेरच्या दिशेने असतो. कडी निकामी करून किंवा तारेने बांधून झाकण उघडणाऱ्यावर हा भार उकळत्या द्रावणासह कोसळतो. म्हणून तापमान ८० अंशांखाली आल्याची व दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची स्वतः डोळ्यांनी खात्री करावी, दाब सोडण्याची झडप उघडावी आणि त्यानंतरच झाकणास हात लावावा. नमुना पाहण्याची निकड कितीही असली तरी या क्रमास अपवाद नाही.

रसायने हाताळतानाही पुढील नियम कटाक्षाने पाळावेत.

१. आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये.

२. हायड्रोसचा डबा कोरड्या जागी झाकून ठेवावा. ओल लागल्यास तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्यात ओला डाव घालू नये.

३. हायड्रोस व आम्ल एका बादलीत कालवू नये, त्यातून गुदमरविणारा वायू सुटतो.

४. हातमोजे, चष्मा व रबरी बूट यांवाचून रसायनांच्या टाकीजवळ जाऊ नये.

५. चालत्या दोरास हात लावू नये. दोर अडकल्यास प्रथम यंत्र थांबवावे.

सांडपाणी आणि समाज

यंत्रातून निघालेले पाणी रंग, क्षार व उष्णता घेऊन बाहेर पडते. ते सामुदायिक शुद्धीकरण केंद्राकडेच गेले पाहिजे. या बाबतीतील बेपर्वाई किती भयंकर ठरते हे सुरतेने अनुभवले आहे. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रासायनिक द्रव सोडला जात असता विषारी वायू पसरला व शेजारच्या रंगकाम-छपाईच्या गिरणीतील ६ कामगार मृत्युमुखी पडले. यंत्रापाशी सर्व नियम पाळणारा कामगारही दुसऱ्याच्या बेपर्वाईचा बळी ठरू शकतो, हा या घटनेचा धडा होय.

याच शहरात आशादायक उदाहरणही आहे. महानगरपालिकेने बमरोली येथे उभारलेल्या केंद्रातून २०१४ पासून शहराचे सांडपाणी शुद्ध करून पांडेसरा वसाहतीतील उद्योगांस पुरविण्यात येऊ लागले. या केंद्राची क्षमता दररोज ४ कोटी लिटर आहे. घाण पहिल्याच खेपेस नीट उतरविणारा ऑपरेटर दर वेळी हजारो लिटर पाणी वाचवितो, हीदेखील जलसंवर्धनाची सेवाच आहे.

शिक्षक व ग्रामस्थांचे कर्तव्य

सुरतेस जाणाऱ्या तरुणास शिदोरीबरोबर या ज्ञानाची पुंजीही देता येईल. दाब म्हणजे काय, टक्केवारी कशी काढावी, लिटरमागे ग्रॅमचा हिशेब कसा करावा, सामू कसा ओळखावा हे धडे माध्यमिक शाळेत शिकविलेच जातात. शिक्षकांनी ते रंगयंत्राच्या उदाहरणाने समजावून दिल्यास विद्यार्थ्यांस त्यांचा उपयोग तत्काळ पटेल. पालकांनी मुलास थेट गिरणीत धाडण्यापूर्वी जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौकशी करावी. कामास लागलेल्या तरुणाने जवळ एक वही ठेवून प्रत्येक घाणाचे वजन, रंग, तापमान व वेळ यांची नोंद करावी. अशा नोंदींतूनच हेल्परचा ऑपरेटर घडतो. ज्याला १३० अंशांचे कारण समजले आहे, तो दाबमापकाकडे न पाहता झाकणाला हात लावणार नाही. त्याच्या गावी परत येणाऱ्या पत्रात व पैशात त्या समजुतीचा वाटा मोठा असेल.