चलनाची वही मोबाइलवर आणताना

भोसरीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, चलनावर गेलेल्या मालाचा हिशेब ठेवायला पॉवर ॲप्समध्ये ॲप बांधलं. प्रोग्रॅमिंग कधी शिकलो नव्हतो. भांडवल एवढंच की एक्सेलवर हात बसलेला. लो-कोड शिकू पाहणाऱ्यांसाठी त्यातलं थोडं.

१. फॉर्म्युल्यांना भिऊ नका. इथली पॉवर एफएक्स ही भाषा एक्सेलवरच बेतलेली आहे. इफ, सम, लेफ्ट ही सगळी ओळखीचीच मंडळी. ज्याला व्हीलुकअप जमतो त्याने महागड्या क्लासची फी भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. हात कामाला येतो, सवय मात्र आड येते. एका चलनात तीन आयटम असले की एक्सेलमध्ये आपण तीन कॉलम करतो, चौथा आला की आणखी एक घुसवतो, सेल मर्ज करतो, रखडलेल्या मालाला पिवळा रंग देतो. त्या रंगाचा अर्थ ॲपला कळत नाही. चलनांचा एक तक्ता, आयटमांचा दुसरा, परत आलेल्या मालाचा तिसरा, आणि तिन्ही चलन क्रमांकाने जोडलेले, अशी मांडणी लागते. ती आधी कागदावर करा. ‘बाकी’ नावाचा कॉलम तर नकोच. १०० नग प्लेटिंगला गेले, ६० आले, मग ३५ आले, ५ रिजेक्ट झाले. नोंदी एवढ्याच ठेवायच्या आणि बाकी त्यांतून काढायची. बाकी हाताने लिहायला सुरुवात झाली की स्टोअरचा आकडा वेगळा, अकाउंट्सचा वेगळा.

३. ॲप कशासाठी, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आमचं वाक्य जीएसटी कायद्याच्या कलम १४३ ने दिलं: जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा. मुदतवाढ नसेल तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरलं जातं, आणि कर व्याजासकट भरावा लागतो. म्हणून ॲप उघडताच दिसतात ती मुदत जवळ आलेली चलनं. डॅशबोर्डवरचे रंगीत गोल साहेबांसाठी. ते नंतर केले तरी चालतात.

४. फॉर्म्युल्याजवळ इशारा म्हणून दिसणाऱ्या पिवळ्या त्रिकोणाकडे दुर्लक्ष करू नका. तक्ते शेअरपॉइंटच्या याद्यांत ठेवले आणि यादी मोठी झाली की काही फॉर्म्युले, उदाहरणार्थ सम, सगळ्या ओळींवर चालत नाहीत. ॲप आधी ५०० ओळी मागवून घेतं आणि तेवढ्यांचीच बेरीज करतं. सेटिंगमध्ये ही मर्यादा फार तर २,००० पर्यंत नेता येते. वापरणाऱ्याला चूक दिसत नाही. बेरीज येते, फक्त खोटी. चाचणी करताना मर्यादा १ वर आणा. कोणता फॉर्म्युला अर्धवट चालतो ते लगेच उघडं पडतं. मग आधी चलन क्रमांकाने गाळा आणि त्या मूठभर ओळींचीच बेरीज करा.

५. लायसन्सची चौकशी आधी करा. शेअरपॉइंट बहुतेक ऑफिस योजनांत चालून जातं. एसक्यूएल डेटाबेस जोडला की प्रत्येक वापरणाऱ्यामागे प्रीमियमचा खर्च.

६. पहिली चाचणी गेटवर घ्या, तीही पाळी सुटायच्या वेळी, टेम्पो रांगेत असताना. आमच्या सिक्युरिटीवाल्या काकांनी स्क्रीन पाहून विचारलं, “गाडी नंबर कुठं टाकू?” चौदा रकाने होते, तोच नव्हता. आता तो सगळ्यात वर आहे आणि बाकीच्यांतले नऊ काढून टाकलेत.