सर्व्हर दिसतो, पण फाइल उघडत नाही



निकालपत्रके तयार करण्याचे दिवस आले की शाळाशाळांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: सर्व्हरवरची फाइल उघडत नाही. गुणांच्या याद्या लिनक्स सर्व्हरवर असतात आणि शिक्षक-कक्षातले संगणक विंडोजवर चालतात. मग घाईत कोणीतरी सुचवतो, "सगळ्यांना सगळे खुले करून टाका, काम होईल." काम होतेही, पण गुणांची यादी मग कोणालाही बदलता येते. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे शोधायला शिकले पाहिजे.

विंडोज संगणक एकमेकांना फाइली देतात-घेतात त्या एसएमबी नावाच्या नियमावलीने. लिनक्स सर्व्हरवर ही भाषा बोलण्याचे काम बहुधा सांबा हा प्रोग्राम करतो. घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना हे निराळे समजवायला नको! ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. संगणकांमधील संदेशांची ये-जा न्याहाळून त्यांनी ही भाषा उलगडली. एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शब्दयादीत शोधले, त्यातून 'सांबा' हे नाव मिळाले. युरोपीय आयोगाच्या खटल्यानंतर, डिसेंबर २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टची अधिकृत कागदपत्रे सांबाच्या मंडळींना करार करून मिळाली.

आता दोष शोधू. विंडोजच्या कमांड खिडकीत 'नेट यूज' ही आज्ञा आणि पुढे सर्व्हरचा व फोल्डरचा पत्ता द्यावा (आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत). जोडणी झाली नाही तर एक क्रमांक येतो. पुष्कळ जण तो न वाचताच खिडकी बंद करतात, आणि खरे उत्तर तर त्यातच असते.

क्रमांक ५३ म्हणजे घरच सापडले नाही. सर्व्हर बंद असेल, तार निघाली असेल, किंवा फायरवॉलने ४४५ क्रमांकाचे पोर्ट अडवले असेल. नावाऐवजी आयपी पत्ता देऊन पाहावे; तसे उघडले तर दोष फक्त नावाचा. ६७ म्हणजे घर सापडले, पण त्या नावाची खोली नाही. शेअरच्या नावाचे स्पेलिंग तपासावे. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. येथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: लिनक्सचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड सहसा वेगवेगळे ठेवलेले असतात. लिनक्सवर खाते उघडले तरी 'एसएमबी-पासवर्ड' आज्ञेने (स्पेलिंगमध्ये पासवर्डचे 'पासडब्ल्यूडी' एवढेच) त्याची सांबात वेगळी नोंद करावी लागते. १२१९ आला तर त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने आधीच जोडणी आहे. ती तोडून पुन्हा जोडावे.

सर्वांत जास्त वेळ खातो तो क्रमांक ५, म्हणजे प्रवेश नाकारला. येथे कुलपे दोन असतात. एक सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, दुसरे लिनक्सच्या फोल्डरवर. दोन्ही उघडली तरच आत जाता येते. एक उघडले आणि दुसरे राहिले की माणूस तासभर चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो. रेड हॅट घराण्यातील लिनक्सवर एसई-लिनक्स हे तिसरे कुलूपही असते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे फाइल उघडते, पण साठवता येत नाही. मराठीच्या बाईंनी केलेली यादी गणिताच्या सरांना दिसते, त्यात गुण मात्र भरता येत नाहीत. कारण साधे आहे. सांबाने नवी फाइल केली की मुळात ०७४४ ही परवानगी लागते: मालकाला लिहिता येते, बाकीच्यांना फक्त वाचता येते. यावर ७७७ देऊन सर्वांना मोकळे करणे हा उपाय नव्हे. शिक्षकांचा एक गट करावा, फोल्डर त्या गटाच्या नावे करून २७७० परवानगी द्यावी आणि सांबात 'क्रिएट मास्क' ०६६० व 'डिरेक्टरी मास्क' २७७० ठेवावा. सुरुवातीच्या २ मुळे आतली प्रत्येक नवी फाइल आपोआप गटाच्या नावे होते. बदल केल्यावर 'टेस्टपार्म' ही आज्ञा चालवावी. ती सेटिंगमधील चुका दाखवते.

आणखी एक गैरसमज. विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत सर्व्हर दिसला नाही म्हणजे तो बंद आहे असे नाही. ती जुनी यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर चालत असे. विंडोज १० मध्ये २०१७ च्या अखेरीपासून आणि सांबात ४.११ पासून (२०१९) ती आवृत्ती मुळात बंदच असते. पत्ता थेट टाइप केला की फोल्डर उघडते. केवळ यादी दिसावी म्हणून जुनी आवृत्ती पुन्हा चालू करणारे सल्लागार भेटतात. त्यांचे ऐकू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय याच वाटेने पसरला, ब्रिटनच्या रुग्णालयांचेही काम अडले. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. लिनक्सवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. त्याच महिन्यात सांबातही एक मोठे भोक उघडकीस आले, आणि त्यातून शिरायला लिहिण्याजोगे शेअर लागत असे. सर्वांना खुले केलेले फोल्डर म्हणजे अशा पाहुण्याला आयते आमंत्रणच.

विश्वस्त मंडळींनी एक ध्यानात घ्यावे. पासवर्डाविना पाहुणा म्हणून उघडणारी शेअर विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीत, प्रो संगणकांवरही, आपणहून नाकारली जातात. नवे संगणक घेतल्यावर जुना सर्व्हर उघडला नाही तर आधी हे तपासावे. प्रत्येक शिक्षकाचे स्वतंत्र खाते करायला एक दुपार पुरते, सर्व्हर बदलावा लागत नाही.

एवढे करूनही अडले, तर लिनक्सच्या 'व्हार' फोल्डरात 'लॉग', त्यात 'सांबा' असे जावे. तेथील नोंदीच्या शेवटच्या ओळी आणि विंडोजने दिलेला क्रमांक कागदावर उतरवून मगच दुरुस्तीवाल्याला फोन करावा.