निषिद्ध ओढ आणि पांढरा प्रकाश : ‘किस्ड’ या चित्रपटाविषयी

शवासक्ती हा विषय नुसता काढला तरी माणसे मान फिरवतात. त्यामुळे त्यावरील चित्रपटाकडून भीती किंवा किळस यांचीच अपेक्षा असते. लिन स्टॉपक्युइच या कॅनेडियन दिग्दर्शिकेच्या ‘किस्ड’ (१९९६) या पहिल्या चित्रपटाने मात्र या दोन्ही सोप्या वाटा टाळल्या आहेत. बार्बरा गाउडी यांच्या कथेवर आधारलेला हा चित्रपट तुटपुंज्या पैशांत, बड्या स्टुडिओच्या आधारावाचून निघाला. त्याची लांबीही जेमतेम सव्वा तासाची.

नायिका सँड्रा लहानपणी मेलेली पाखरे पुरण्यापूर्वी त्यांचे स्वतःच रचलेले विधी यथासांग पार पाडते. मोठेपणी ती अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या ‘फ्युनरल होम’मध्ये नोकरी धरते व तेथे एम्बामिंगची विद्या शिकते. आपल्याकडे दहन बहुधा लगेच उरकले जात असल्याने हा व्यवसाय फारसा परिचयाचा नाही. त्यात प्रेतातील रक्त काढून रोहिणीवाटे रसायन भरतात, चेहरा रंगवतात आणि देह आप्तांच्या दर्शनासाठी सजवून ठेवतात. मृताला जिवंतपणाचा असा मुलामा देणे समाजमान्य. सँड्राची ओढ मात्र निषिद्ध! दिग्दर्शिका हा विरोध बोलून दाखवत नाही, कामाचा तपशील शांतपणे पाहू देते.

निवेदन सँड्राच्याच तोंडी आहे. निषिद्ध क्षण जवळ आला की पडदा शुभ्र प्रकाशाने भरून जातो. तिला जे पवित्र वाटते ते तिच्याच डोळ्यांनी पाहण्यास आपल्याला भाग पाडले जाते. मॉली पार्कर यांचा संयत अभिनय (त्यासाठी त्यांना कॅनडाचा जिनी पुरस्कार लाभला) या युक्तीला विश्वसनीयता देतो. पण नेमकी येथेच माझी तक्रार आहे. त्या टेबलावरचा माणूस कोण होता? त्याला हे चालले असते काय? त्या झगझगाटात त्याचा चेहराच विरून जातो. सँड्रा ज्याला आदर समजते, त्यात समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही.

मॅट या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या रूपाने चित्रपट या प्रश्नाला अर्धेमुर्धे उत्तर देतो. मॅट सँड्रावर प्रेम करतो आणि तिला खोदून खोदून विचारू लागतो. कुतूहलाची पुढे असूया होते, तीही प्रेतांविषयी! तिच्यासाठी तो प्रेतासारखा नटतो, निपचित पडून राहतो. मला तर सँड्रापेक्षा मॅटचीच अधिक धास्ती वाटली. तिला मृतांच्या सहवासात काही क्षण पुरतात. याला ती समूळ हवी असते. अखेर तो गळफास घेतो.

पूर्वीचे देह आपल्यापुढे येतात ते केवळ देह म्हणून. मॅटचे हसणे, चिडणे, हट्ट करणे मात्र आपण पाहिलेले असते. सँड्रा त्याच्या देहापाशी जाते, तेव्हा प्रथमच टेबलावर एक माणूस असतो.