डिझेल गाडी घ्यायची की नाही? आधी महिन्याचे किलोमीटर मोजा



धंदा थोडा रुळावर आला की पहिला मोठा खर्च डोळ्यासमोर येतो तो गाडीचा. आणि गाडी म्हटलं की घरातले, मित्र, शेजारचा दुकानदार सगळे एकच सल्ला देतात, "डिझेल घे, अ‍ॅव्हरेज चांगलं देते." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. डिझेल गाडी कोणाला परवडते हे गाडीच्या अ‍ॅव्हरेजवर जितकं ठरतं, त्यापेक्षा जास्त तुमच्या रनिंगवर ठरतं. आजच्या धड्यात आपण हा हिशोब वहीत मांडून बघू. वही-पेन घेऊन बसा.

"डिझेल म्हणजे फायदा" हे आलं कुठून?

२०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता, कारण डिझेलचा भाव सरकारच्या नियंत्रणात होता. त्या काळात ज्यांनी डिझेल गाडी घेतली, त्यांचा फायदा खरोखर झाला. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले आणि हा फरक कमी होत गेला. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षाही महाग झालं होतं.

दुसरा बदल १ एप्रिल २०२० ला झाला. त्या दिवसापासून बीएस-६ चे नियम लागू झाले. डिझेल इंजिनाचा धूर स्वच्छ करण्यासाठी जास्तीची यंत्रणा बसवावी लागली आणि गाडीची किंमत वाढली. मारुती सुझुकीने तर तेव्हापासून डिझेल कार विकणंच बंद केलं. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीचा सल्ला आजच्या किमतींना तसाच लावता येत नाही.

डिझेलच्या जमेच्या बाजू

१. एका लिटरमध्ये जास्त अंतर. डिझेलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जास्त ऊर्जा असते आणि इंजिनही ती जास्त चांगली वापरतं.

२. ओढ. कमी वेगातही डिझेल इंजिन जोर लावतं. माल भरून आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढताना पेट्रोल गाडीला सारखा गिअर खाली घ्यावा लागतो आणि अ‍ॅव्हरेज घसरतं. डिझेलचंही घसरतं, पण कमी.

३. लांबचा प्रवास. सलग शंभर-दीडशे किलोमीटर चालणं हे डिझेल इंजिनाला मानवतं. एका टाकीत जास्त अंतर जात असल्याने पंपावर थांबणंही कमी होतं.

खर्चाच्या बाजू

१. गाडीची किंमत जास्त. त्याच मॉडेलची डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा लाख-दीड लाखाने सहज महाग पडते.

२. रस्ता कर जास्त. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के कर आहे. कंपनीच्या नावावर कार घेतली तर कर आणखी वाढतो.

३. दुरुस्ती महाग. इंजेक्टर, टर्बो, हाय प्रेशर पंप यातलं काही गेलं तर बिल पेट्रोल गाडीसारखं येत नाही. काही गाड्यांमध्ये डीईएफ भरत राहावं लागतं, ज्याला ड्रायव्हर लोक "युरिया" म्हणतात.

४. जवळच्या फेऱ्या सोसत नाहीत. हा मुद्दा शोरूममध्ये फारसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर बघू.

डीपीएफ: बाजारपेठेतल्या दुकानदाराने हे नक्की वाचा

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. धुरातली काजळी त्यात अडकते. गाडी हायवेवर सलग चांगल्या वेगाने चालली की गाळणी तापते आणि साठलेली काजळी जळून जाते. आपल्याला कळतही नाही.

पण दुकान ते गोडाऊन दोन किलोमीटर, गोडाऊन ते ट्रान्सपोर्ट ऑफिस तीन किलोमीटर, मध्ये सिग्नल, पार्किंग, पुन्हा बंद-चालू, असं रनिंग असेल तर गाळणी पुरेशी तापत नाही. काजळी साठत जाते आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो. तेव्हा गाडी हायवेवर नेऊन सलग पळवली तर बहुतेक वेळा काम होतं. दुर्लक्ष केलं तर गाडीची ताकद कमी होते, वर्कशॉपला जावं लागतं, आणि गाळणी बदलायची वेळ आली तर खर्च मोठा असतो.

म्हणून रोजच्या फेऱ्या गावातल्या गावात असतील तर डिझेलचा विचार सोडून द्या. किलोमीटर भरत असले तरीही.

आता मुख्य हिशोब

खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या पंपावरचा भाव आणि तुमच्या गाडीचं कोटेशन टाका.

पेट्रोल: भाव १०४ रुपये, अ‍ॅव्हरेज १५. किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे.
डिझेल: भाव ९१ रुपये, अ‍ॅव्हरेज २०. किलोमीटरला ४ रुपये ५५ पैसे.

बचत झाली किलोमीटरला २ रुपये ३८ पैसे. यातले ३८ पैसे जास्तीच्या सर्व्हिसिंग-दुरुस्तीसाठी बाजूला काढा. हातात राहिले किलोमीटरला २ रुपये.

आता डिझेल गाडी दीड लाखाने महाग आहे असं धरू. हे दीड लाख पाच वर्षांच्या कर्जात, १० टक्के व्याजाने घेतले तर फक्त या फरकाचा हप्ता येतो महिना ३,१८७ रुपये. पाच वर्षांत फेड होते १,९१,००० च्या वर. म्हणजे दीड लाखाचा फरक खरं तर एक लाख एक्याण्णव हजारांचा आहे.

सूत्र सोपं आहे:

फरकाचा मासिक हप्ता ÷ किलोमीटरमागची बचत = महिन्याचे किमान किलोमीटर

३,१८७ ÷ २ = साधारण १,६०० किलोमीटर.

महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे धरले तर रोज ६४ किलोमीटर. एवढी गाडी चालली तर हप्त्याच्या काळात डिझेल आणि पेट्रोल बरोबरीत येतात, फायदा अजून सुरूही झालेला नसतो. पुढे गाडी विकताना डिझेलला थोडी जास्त किंमत येऊ शकते. पण तो आकडा आज कोणाच्या हातात नाही, म्हणून मी तो हिशोबात धरत नाही. आला तर बोनस.

दोन धंदे, दोन उत्तरं

पहिलं उदाहरण: तासगाव भागात मसाल्याचा गृहउद्योग करणाऱ्या एक ताई. आठवड्याला दोन वेळा सांगली-मिरज, फेरी साधारण ७० किलोमीटरची. महिन्यातून दोन वेळा कोल्हापूर, फेरी दीडशेची. एकूण महिना ८६० किलोमीटर. डिझेलमुळे बचत १,७२०, फरकाचा हप्ता ३,१८७. म्हणजे दर महिन्याला १,४६७ रुपयांचा तोटा, वर्षाला १७,६०४.

पण खरा धोका हप्त्यात नव्हता, भांडवलात होता. ताईंची शिल्लक तीन लाख. डिझेल गाडीच्या डाउन पेमेंटला अडीच लाख गेले असते, उरले असते पन्नास हजार. मसाल्याच्या धंद्यात मिरची आणि हळद सीझनला भरून ठेवावी लागते. हातात रोख असेल तर माल निवडून घेता येतो, भाव करता येतो. रोख नसेल तर व्यापाऱ्याकडून उधारीवर, त्याच्या भावाने, तो देईल तो माल उचलावा लागतो. मग वर्षभर प्रत्येक पाकिटातला नफा कमी होत राहतो आणि आपल्याला वाटतं मार्केट डाऊन आहे! ताईंनी लाखभर डाउन पेमेंटमध्ये बसणारी पेट्रोल व्हॅन ठरवली आणि दोन लाख खरेदीला ठेवले. सीझनचा जड माल वर्षातून दोन-तीन वेळाच येतो, त्याला भाड्याचा टेम्पो.

दुसरं उदाहरण: कोल्हापुरातून आंबा घाटाने रत्नागिरीच्या बाजूला गॅरेजवाल्यांना स्पेअर पार्ट पोहोचवणारे एक दादा. रोज सरासरी १२० किलोमीटर, महिना ३,०००. बचत ६,०००, फरकाचा हप्ता ३,१८७. हातात उरतात महिना २,८१३, वर्षाला ३३,७५६. वर घाट, वजन आणि सलग रनिंग, म्हणजे डीपीएफची काळजीही कमी. यांनी डिझेल घ्यायलाच हवी.

गाडी तीच, दोघांची उत्तरं वेगळी. म्हणून दुसऱ्याने कोणती गाडी घेतली हे बघून निर्णय घेऊ नका.

सीएनजी विसरू नका

सीएनजीचा भाव किलोला ८८ आणि अ‍ॅव्हरेज २४ धरलं तर किलोमीटरला ३ रुपये ६७ पैसे येतात, डिझेलपेक्षाही कमी. मग अडचण काय? सिलिंडर डिकीतली जागा खातो, म्हणजे माल कुठे ठेवणार हा प्रश्न. पंपावर रांग लागते, आणि तुमचा अर्धा तासही पैशातच मोजायचा. तालुक्याच्या ठिकाणी पंप आहे का ते बघा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. मार्गावर दोन तरी पंप असतील आणि माल हलका असेल तर सीएनजीचं कोटेशन जरूर मागवा.

जीएसटी आणि इन्कम टॅक्स

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो, म्हणून नीट वाचा.

पाच-सात सीटच्या कारवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट साध्या दुकानदाराला मिळत नाही. प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल, गाड्यांची विक्री असे मोजके धंदे त्याला अपवाद आहेत. मालवाहू गाडीवर, म्हणजे पिकअप किंवा छोट्या टेम्पोवर, मात्र क्रेडिट मिळू शकतं. समजा पिकअपची करापूर्वीची किंमत आठ लाख, त्यावर १८ टक्क्यांनी १,४४,००० जीएसटी. हे क्रेडिट मिळणार असेल तर सगळा हिशोब बदलतो. अट अशी की तुम्ही नियमित योजनेत हवेत आणि तुमचा माल करपात्र हवा. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही.

पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे इंधनाच्या बिलावर क्रेडिटचा प्रश्नच येत नाही. इन्कम टॅक्समध्ये धंद्यासाठी वापरलेल्या कारवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. बिल कोणाच्या नावावर घ्यायचं हे बुकिंगच्या आधी सीएंना विचारा, नंतर नाही.

आणि हो, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवू नका. नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकू शकतो.

जुनी डिझेल घेताना

स्वस्त मिळते म्हणून जुनी डिझेल घेणारे बरेच आहेत. एवढं तपासा:

- सकाळी, इंजिन थंड असताना गाडी चालू करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या.
- धूर बघा. दाट काळा किंवा निळसर धूर म्हणजे खर्च.
- सर्व्हिस रेकॉर्डवरचे किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळतात का?
- आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का? विमा, पीयूसी चालू आहे का?
- नोंदणीला किती वर्षं झाली? पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर येतो.
- ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. त्याची मजुरी द्या, फुकट नेऊ नका.

गाडी घेतल्यावर रस्त्याकडेला कॅनमध्ये मिळणाऱ्या "स्वस्त डिझेल"च्या नादी लागू नका. लिटरमागे वाचलेले चार पैसे इंजेक्टर एका फटक्यात वसूल करतो. ड्रायव्हरलाही बजावून ठेवा: पंपावर चुकून पेट्रोल भरलं गेलं तर गाडी चालू करायची नाही, ढकलून बाजूला घ्यायची आणि फोन करायचा.

तुमचा गृहपाठ

शोरूममध्ये जायच्या आधी एक महिना एवढंच करा.

१. धंद्यासाठी केलेली प्रत्येक फेरी लिहा: तारीख, कुठे, किती किलोमीटर, किती वजन. बाईकने गेलात तरी लिहा, रिक्षा-टेम्पोने गेलात तर भाडंही लिहा.
२. फेऱ्यांचे दोन भाग करा: गावातल्या आणि हायवेच्या.
३. एकाच मॉडेलची पेट्रोल आणि डिझेल, दोन्ही ऑन-रोड कोटेशन घ्या. तोंडी नको, लेखी.
४. वरचं सूत्र लावा.
५. शेवटचा प्रश्न: डाउन पेमेंट दिल्यावर पुढच्या तीन महिन्यांच्या मालखरेदीचे पैसे शिल्लक राहतात का? "नाही" असेल तर गाडी कोणतीही असो, सध्या थांबा. टेम्पो भाड्याने मिळतो, सीझनला माल भरायचे पैसे मात्र ऐनवेळी कोणी देत नाही.

महिन्याभराची नोंद झाली की उत्तर तुमच्याच वहीत असेल. पुढच्या व्हिडिओत आपण मालवाहतूक: स्वतःची गाडी की भाड्याची, हा हिशोब घेणार आहोत. तेव्हा हीच वही लागेल, जपून ठेवा.

भेटू लवकरच. धंदा करा, हिशोबाने करा!