अवजड वाहनांचे वळण आणि मागील चाकांची वाट

अरुंद चौकात डावीकडे वळताना लांब मालमोटारीचा चालक प्रथम वाहन उजवीकडे घेतो व मगच वळतो. पाहणाऱ्यास हा द्राविडी प्राणायाम वाटतो. परंतु त्यामागे भूमितीचा साधा नियम आहे. वळणावर मागील चाके पुढील चाकांच्या मागावरून जात नाहीत. ती आतील बाजूने जातात.

लांबीचा परिणाम

पुढील आसाचा मध्य १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत आहे असे मानल्यास, दोन आसांत ३ मीटर अंतर असलेल्या वाहनाचा मागील आस सुमारे ३८ सेंटिमीटर आत सरकतो. हे अंतर ६ मीटर असल्यास तो सुमारे १६० सेंटिमीटर आत येतो. म्हणजेच लांबी दुप्पट होताच आत सरकणे चौपटीहून अधिक वाढते.

ट्रेलर जोडलेल्या वाहनांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. युरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशानुसार वाहनाला १२.५ मीटर बाह्य आणि ५.३ मीटर आतील त्रिज्येच्या वर्तुळांमध्ये वळता आले पाहिजे. अडीच मीटरच्या आसपास रुंदीच्या वाहनासाठी हा पट्टा तब्बल ७.२ मीटरचा आहे. शिवाय ट्रेलरचे न वळणारे आस तीव्र वळणावर आडवे घासले जाऊन टायर झिजतात.

संशोधनाची दिशा

ट्रेलरची मागील चाकेही वळती करणे हा यावरील उपाय होय. साध्या रचनेत ही चाके ट्रेलरच्या कोनाच्या प्रमाणात वळतात. मात्र वळणात शिरताना व बाहेर पडताना वाहनाचे शेपूट बाहेर फेकले जाते. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात प्रा. डेव्हिड सेबन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याबाबत महत्त्वाचे संशोधन केले. त्यांच्या पद्धतीत संगणक ट्रेलरच्या पुढील टोकाचा मार्ग लक्षात ठेवतो आणि द्रवदाबाच्या साहाय्याने चाके अशी वळवितो, की मागील टोकही त्याच मार्गाने जावे.

पादचारी व सायकलस्वारांसाठी

अशी यंत्रणा नसलेल्या वाहनाजवळ सावधगिरी हाच उपाय होय. वळणाऱ्या मालमोटारीच्या आतील बाजूस दिसणारी मोकळी जागा खरोखर मोकळी नसते. काही क्षणांतच तेथे मागील चाके येणार असतात. चालकाला आरशातून ती जागा पूर्ण दिसेलच असे नाही. म्हणून वाहन पूर्ण वळेपर्यंत मागेच थांबणे श्रेयस्कर.